टाइलवरचा थेंब

छत्रपती संभाजीनगरच्या बाहेर, पैदाशीच्या एका फार्मवर ऊन चढायच्या आत रक्ततपासणी सुरू होते. एक गडी कोंबडी आडवी धरून पंख उलगडतो. आतल्या बाजूची चार पिसं काढली की निळसर शीर दिसते. डॉक्टर तिथे सुई टोचतात. पांढऱ्या टाइलवर अँटिजेनचा जांभळा थेंब तयारच असतो. त्यात तारेच्या कडीनं रक्त कालवायचं, टाइल हलकेच डोलवायची आणि 2 मिनिटं नजर हलवायची नाही. थेंब एकसारखा राहिला तर कोंबडी परत शेडमध्ये. बारीक जांभळ्या गुठळ्या दिसल्या तर पायातला नंबर वहीत आणि पक्षी बाजूला. जास्त वेळ थांबून चालत नाही. थेंब सुकू लागला की निरोगी पक्ष्याचं रक्तही फसवतं.

बाजूला काढलेल्या कोंबडीचा तुरा लाल असतो, खाणं चोख असतं, अंडीही ती देते. पण साल्मोनेला पुलोरम हा जंतू तिच्या अंडाशयात दबा धरून बसलेला असतो आणि अंड्यातून पिलात उतरतो. उबवणी यंत्रात पिलांच्या लवेबरोबर उडून तो शेजारच्या धडधाकट पिलांनाही गाठतो. मग पांढरी हगवण लागते आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पिलं पटापट मरतात. फॉर्मलिन आणि पोटॅशियम परमँगनेटची धुरी कवच साफ करते, बलकापर्यंत पोचत नाही. म्हणून तपासायची ती आईच.

पशुसंवर्धन विभागाचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र याच शहरात आहे. तिथून परसात कोंबड्या पाळणाऱ्या बाईला एक दिवसाचं पिलू मिळतं तेव्हा त्याची आई तिनं पाहिलेली नसते. पिलं गेली तर ती थंडीला दोष देते.

प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांसाठीच्या 2009 च्या केंद्रीय कायद्यात पुलोरम आणि फाउल टायफॉइड हे कोंबड्यांचे रोग अनुसूचित आहेत. रोगाचा संशय आला तरी मालकानं कळवलंच पाहिजे. माणसाला अंड्यातून बाधणारा साल्मोनेला एन्टेरिटिडिस मात्र त्या यादीत नाही. युरोपीय संघानं 2003 च्या नियमानं त्याच्यावरही कळपातच नियंत्रण आणलं. तिथे बुटांवर मोजे चढवून शेडभर चालतात आणि मोज्यांना लागलेली विष्ठा प्रयोगशाळेत धाडतात. एवढं आपल्याकडेही व्हायला हवं. त्याला मोठी यंत्रं लागत नाहीत.

फार्मवर एक जरी रिअ‍ॅक्टर, म्हणजे टाइलवर गुठळ्या दाखवणारा पक्षी, निघाला तरी तीन-चार आठवड्यांनी सगळा कळप पुन्हा धरावा लागतो आणि लागोपाठ दोन तपासण्या स्वच्छ येईपर्यंत हेच चालतं. तोवरची अंडी उबवायला घालायची नाहीत. मालकाला सर्वांत जड जातं ते हेच.