चौथ्या वर्षाचे गाणे

मराठीच्या प्राध्यापकाने रग्बीवर लेख लिहायला घेतला आहे, हे कळल्यावर आमच्या स्टाफरूममध्ये जो हशा पिकला, तो अजून पुरता ओसरलेला नाही. शारीरिक शिक्षणाच्या सरांनी तर "चेंडू गोल असतो की लांबट, एवढे तरी ठाऊक आहे ना?" असे विचारून घेतले. ठाऊक आहे. मुंबईत बॉम्बे जिमखान्याच्या बाजूने जाताना कुंपणापलीकडे चिखलात लोळणारी धिप्पाड माणसे मी विद्यार्थिदशेत पाहिली होती, आणि सुशिक्षित माणसांनी एका लांबोळक्या चेंडूसाठी एकमेकांच्या अंगावर का पडावे, याचे नवल करीत पुढे गेलो होतो. ते नवल अर्धेअधिक फिटले ते टोकियोत, २०२० च्या जानेवारीत.

धाकट्या बहिणीचे बाळंतपण होते. आई एकटी विमानात बसायला तयार नव्हती, म्हणून तिला पोहोचवायला मी गेलो. बाळ झाले, बारसे झाले, डिंकाचे लाडू संपत आले, आणि घरात मला काहीच काम उरले नाही. ते पाहून मेहुणे एके दिवशी म्हणाले, "दादा, कचेरीतल्या एकाची दोन तिकिटे आली आहेत. कॉलेजच्या पोरांची मॅच आहे. येता?" कॉलेजच्या पोरांची मॅच म्हटल्यावर मी शेदोनशे प्रेक्षक धरून चाललो होतो. त्या दिवशी मैदानात सत्तावन्न हजार तीनशे पंचेचाळीस माणसे होती.

सामना होता जपानच्या अखिल विद्यापीठ रग्बी अजिंक्यपदाचा, अंतिम फेरीचा. पण तो सांगण्याआधी थोडा खेळ सांगितला पाहिजे. दोन्हीकडे पंधरा-पंधरा गडी. चेंडू हातात घेऊन पळता येते, प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे तो जमिनीला टेकवला की गुण मिळतात, आणि पळणाऱ्याला कबड्डीतल्यासारखी पकड घालून पाडता येते. गंमत पुढेच आहे. हाताने चेंडू पुढे फेकायला सक्त मनाई. द्यायचा तर मागच्या गड्याला द्यायचा. म्हणजे संघाने जायचे पुढे, आणि चेंडू द्यायचा मागे! ज्याला ही एक अट उमगली त्याला ऐंशी मिनिटे कंटाळा येत नाही, असा माझा अनुभव आहे.

हा खेळ जपानी विद्यार्थ्यांना शिकवला तो एका इंग्रजीच्या अध्यापकाने, हे वाचून मला आमच्या व्यवसायाचा अभिमान वाटला. एडवर्ड ब्रॅमवेल क्लार्क हा योकोहामात जन्मलेला, केंब्रिजमध्ये शिकलेला गृहस्थ टोकियोच्या केइओ विद्यापीठात शिकवत होता. हिवाळ्यात पोरे मैदानाकडे फिरकत नाहीत, नुसती बसून राहतात, हे त्याला बघवेना. केंब्रिजचाच मित्र तानाका गिन्नोसुके याला हाताशी धरून त्याने १८९९ साली पोरांच्या हाती रग्बीचा चेंडू दिला. पुढे आजाराने क्लार्कचा एक पाय कापावा लागला. नंतर क्योतोला त्याने आयुष्यभर इंग्रजी वाङ्मय शिकवले. त्याच्या व्याख्यानांतले आज कुणाला काय आठवत असेल कोण जाणे. चेंडू मात्र राहिला.

केइओपाठोपाठ १९१८ साली वासेदा विद्यापीठात आणि १९२३ साली मेइजी विद्यापीठात रग्बीचे संघ निघाले. अखिल जपानी अजिंक्यपदाची स्पर्धा १९६४ च्या हंगामात सुरू झाली आणि पहिला मान होसेइ विद्यापीठाला मिळाला. शरद ऋतूत प्रादेशिक साखळी सामने, डिसेंबरात बाद फेरी, नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी उपान्त्य सामने आणि मग अंतिम, असा साधारण क्रम. अंतिम सामन्यात बरोबरी झाली तर दोघेही विजेते ठरतात. १९८५ च्या हंगामात मेइजी आणि केइओ बारा-बारावर अडले, दोघांनाही अजिंक्यपद मिळाले, आणि कंपन्यांच्या विजेत्याशी कोणी खेळायचे हे चिठ्ठी टाकून ठरवावे लागले. चिठ्ठी केइओची निघाली आणि त्यांनी तो सामनाही जिंकला. नशीब म्हणतात ते हे.

पण टोकियोच्या माणसाचा जीव खरा अडकलेला असतो तो वासेदा आणि मेइजी यांच्या झुंजीत. वासेदाच्या अंगावर तांबडे-काळे आडवे पट्टे, मेइजीच्या जांभळे-पांढरे. 'आडवे वासेदा, उभे मेइजी' अशी तिकडे म्हणच पडली आहे. वासेदा चेंडू या टोकापासून त्या टोकापर्यंत खेळवत नेणार. मेइजी समोर भिंत असली तरी सरळ भिंतीतून जाणार. मेइजीला हे वळण लावले किताजिमा चूजी या गुरूने. १९२९ साली त्याने संघ हाती घेतला तो १९९६ मध्ये, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी डोळे मिटेपर्यंत सोडला नाही. त्याची सगळी शिकवण एका शब्दाची: 'पुढे!' १९८७ च्या डिसेंबरात बर्फ बाजूला सारून खेळलेल्या सामन्यात मेइजी सात विरुद्ध दहा असे मागे होते. अखेरच्या क्षणी, अगदी वासेदाच्या रेषेजवळ, त्यांना दंडाची किक मिळाली. लाथ मारली असती तर तीन गुण आणि बरोबरी! त्यांनी लाथ मारली नाही. घामाच्या वाफा निघणाऱ्या अंगांनी ते पुन्हापुन्हा रेषेवर धडका देत राहिले आणि सात-दहानेच हरले. व्यवहारी माणूस याला मूर्खपणा म्हणेल. तिकडे लोक अजून तो सामना डोळ्यांत पाणी आणून सांगतात.

वासेदाची कथा निराळी. त्यांच्या रग्बी संघाचे एक गाणे आहे, 'आराबुरू' नावाचे. आराबुरू म्हणजे उसळलेला, अनावर. हे गाणे एरवी म्हणायचे नाही. साखळी सामना जिंकला, मेइजीला हरवले, तरी नाही. विद्यापीठांचे अजिंक्यपद मिळाले तरच ते म्हणायचे. आणि ज्या वर्षी ते मिळेल त्या वर्षी जी मुले चौथ्या, म्हणजे शेवटच्या वर्षाला असतील, त्यांना ते जन्मभर म्हणायची मुभा. मित्राच्या लग्नात, म्हातारपणीच्या मेळाव्यात, केव्हाही. ज्यांचे चौथे वर्ष पराभवात संपले, त्यांना तो हक्क नाही. आदल्या वर्षी जिंकले असले तरी नाही.

मी गाणी आणि कविता शिकवून पोट भरणारा माणूस. गाणे पाठ असावे, ओठांवर यावे आणि म्हणता येऊ नये, ही कल्पनाच मला बेचैन करून गेली. आपल्याकडे कॉलेजचा जीव असा टांगणीला लागलेला पाहायचा तर पुरुषोत्तम करंडकाला भरत नाट्य मंदिरात जावे. 'अरे आव्वाज कुणाचा' अशी आरोळी उठली की पंचवीस वर्षांपूर्वी कॉलेज सोडलेल्या माझ्यासारख्याच्याही अंगावर काटा येतो. पण ती आरोळी हरलेलाही देतो. तिच्यावर कुणाचा पहारा नाही.

चौथे वर्षच हिरावले गेलेली मुलेही याच जागी उभी होती. आजचे राष्ट्रीय क्रीडांगण जिथे आहे तिथे पूर्वी मेइजी देवस्थानाच्या बाह्य उद्यानातले क्रीडांगण होते. २१ ऑक्टोबर १९४३ रोजी, भर पावसात, हजारो विद्यार्थी खांद्यावर बंदुका घेऊन तिथून संचलन करीत गेले. तोवर विद्यार्थ्यांना लष्करभरतीतून सवलत होती. ती काढली, पण शास्त्र आणि यंत्रविद्या शिकणाऱ्यांची बहुतांशी ठेवली. वाङ्मय, कायदा, अर्थशास्त्र शिकणाऱ्यांची गेली. युद्धात कवितेचा उपयोग नसतो, हा हिशेब सगळीकडे सारखाच दिसतो. शत्रूची भाषा नको म्हणून त्या काळात रग्बीचे नावही बदलून 'तोक्यू' केले होते. मराठीत झुंजचेंडू म्हणता येईल. त्या पावसात चाललेल्यांपैकी कितीतरी परत आले नाहीत. युद्ध संपल्यावर वाचलेल्या माजी खेळाडूंनी, अन्नाची भ्रांत असताना, पैसे गोळा करून १९४७ साली जवळच रग्बीचे स्वतंत्र मैदान उभे केले. राजपुत्र चिचिबू यांच्या निधनानंतर १९५३ साली त्याला त्यांचे नाव मिळाले.

असो. मी गेलो त्या साली वासेदाने 'आराबुरू' म्हटल्याला अकरा वर्षे झाली होती. मध्ये आडवे आले होते तेइक्यो विद्यापीठ. २०१० च्या जानेवारीपासून २०१८ पर्यंत ओळीने नऊ अजिंक्यपदे त्यांनी नेली. त्यांचे शिक्षक इवादे मासायुकी यांनी केले ते ऐकण्यासारखे आहे. जपानी संघांत झाडलोट, धुणी, सामान वाहणे ही कामे पहिल्या वर्षाच्या पोरांची आणि हुकूम चौथ्या वर्षाचा, अशी परंपरा. इवाद्यांनी ती उलटी केली. चौथ्या वर्षाच्यांनी झाडायचे, नव्या पोरांना अभ्यासाला, झोपेला आणि रुळायला वेळ द्यायचा. घाबरलेले पोर खेळू शकत नाही, एवढे साधे त्यामागचे गणित. आमच्या वसतिगृहाची देखरेख चार वर्षे माझ्याकडे होती. नव्या मुलांकडून पाणी भरून घेणारे 'दादा' मी तिथे पाहिले आहेत, आणि इवाद्यांची युक्ती तेव्हा कुणी सांगितली असती तर बरे झाले असते असे वाटते.

तर ११ जानेवारीचा तो सामना. नवे क्रीडांगण उघडून महिनाही झाला नव्हता. छताखालच्या लाकडाचा रंग अजून ताजा. आदल्या शरदात विश्वचषक जपानमध्ये झाला होता आणि जपान उपान्त्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचला होता, त्यामुळे लहान मुलेसुद्धा नियमांवर वाद घालीत होती. अंतिम फेरीत वासेदा आणि मेइजी समोरासमोर येत होते तेवीस वर्षांनी. सहा आठवड्यांपूर्वी मेइजीने वासेदाला छत्तीस-सातने लोळवले होते. पारडे कुठे झुकलेले, ते सांगायला नको.

आणि मध्यंतराला फलकावर काय? वासेदा एकतीस, मेइजी शून्य! मेहुण्यांनी दोनदा चष्मा पुसला. उत्तरार्धात किताजिमांचा 'पुढे' जागा झाला म्हणा, मेइजीने पस्तीस गुण केले. शेवटी शेवटी दर धडकेला सगळे मैदान उठून उभे राहत होते. पंचेचाळीस-पस्तीस. वासेदा जिंकले.

माझ्या उजव्या हाताला सत्तरीचे एक गृहस्थ बसले होते. गळ्यात तांबड्या-काळ्या पट्ट्यांचा मफलर, मांडीवर डबा. मध्यंतरात त्यांनी आम्हाला संत्री दिली आणि मेहुण्यांनी दुभाष्याचे काम केले, त्यातून त्यांची हकीकत कळली होती. चार वर्षे वासेदाच्या संघात होते, पण शंभरावर पोरांतून पहिल्या पंधरांत कधी आले नाहीत. चौथ्या वर्षी त्यांचा संघ हरला.

खाली मैदानावर खेळाडू गोल करून उभे राहिले. गणवेश न मिळालेली, कोट घालून बाजूला बसलेली मुलेही धावत येऊन त्यांना मिळाली, आणि अकरा वर्षांनी ते गाणे सुरू झाले. चाल ओबडधोबड, सूर कुणाचाच जागेवर नाही. संगीताच्या परीक्षेत नापास व्हावे असे गाणे. निम्मी पोरे रडत होती. आमच्या पुढच्या रांगांतले लोकही म्हणू लागले.

शेजारचे गृहस्थ टोपी काढून उभे होते, तोंड मिटलेले. मी मेहुण्यांना म्हटले, "आज तर सर्वांनाच म्हणता येत असेल, विचारा त्यांना." मेहुण्यांनी अदबीने विचारले.

"हो, आज येते," ते म्हणाले, "पण आज मला ऐकायचे आहे."

गाणे संपल्यावर त्यांनी टोपी घातली, संत्र्यांच्या साली कागदात नीट गुंडाळून डब्यात ठेवल्या, आम्हाला वाकून नमस्कार केला आणि गर्दीत मिसळले.

त्यानंतर मी दर जानेवारीला निकाल पाहतो. २०२१ मध्ये तेन्री विद्यापीठाने वासेदाला पंचावन्न-अठ्ठावीसने हरवून पहिले अजिंक्यपद मिळवले. २०२३ च्या अंतिम सामन्यात तेइक्योने त्यांना त्र्याहत्तर-वीस असे चिरडले, २०२५ मध्ये पुन्हा तेहेतीस-पंधरा. तीन वेळा दारापर्यंत जाऊन परत. त्या तिन्ही वर्षांची चौथ्या वर्षाची पोरे आता नोकऱ्यांना लागली असतील, एकेकाची लग्नेही होत असतील. मांडवात मित्र जमत असतील, जुने किस्से निघत असतील, आणि गाण्याची वेळ आली की कुणीतरी दुसरेच गाणे सुरू करीत असेल.