तुकोबांच्या पुलावरचे ख्रिस्ती

2025च्या जुलैच्या अखेरीस पिंपरी कॅम्पातल्या एका रहिवाशाच्या तक्रारीवरून अमेरिकी नागरिकासह दोघांवर धर्मांतराच्या प्रयत्नाचा गुन्हा दाखल झाला. त्याच आठवड्यात छत्तीसगडमध्ये दुर्ग स्टेशनवर केरळच्या दोन नन्सना अटक झाली. त्याआधी 11 जुलैला मुंबईच्या आझाद मैदानात ख्रिस्ती समाज आमदार गोपीचंद पडळकरांच्या धर्मगुरूंविषयीच्या वक्तव्याविरोधात जमला होता, आणि कडक धर्मांतरबंदी कायदा आणण्याचं आश्वासन महाराष्ट्र सरकारने विधिमंडळात देऊन टाकलं होतं. पिंपरीतल्या तक्रारीत तथ्य किती, ते न्यायालय बघेल. खटकतं ते वेगळंच. या सगळ्या गदारोळातला ख्रिस्ती माणूस कायम बाहेरून आलेला असतो, शक्यतो परदेशी पासपोर्ट घेऊन.

पिंपरी-चिंचवडचा ख्रिस्ती माणूस बाहेरून आला हे खरंच, पण इथे कोण नाही आलं? 1950च्या दशकात हिंदुस्तान अँटिबायोटिक्स सुरू झाली, मागोमाग टेल्को आणि बजाज आले. अहमदनगर (आता अहिल्यानगर), सोलापूर, मराठवाड्यातून कामगार आले तशीच तिकडची ख्रिस्ती कुटुंबंही आली. सोबत आलं ‘उपासना संगीत’. मराठी चर्चमधल्या या गीतसंग्रहात रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या रचना भरपूर आहेत, आणि त्या गाताना पुष्कळदा वारकरी चालीच ओठांवर येतात.

टिळकांबद्दल जरा जास्त लिहितो, कारण या वादात त्यांचं नाव कुणी घेत नाही. चित्पावन घरातला हा कवी 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतो आणि पुढे सांगतो की, आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकारामाच्या पुलावरून. देहू पिंपरी-चिंचवड शहराला खेटून आहे, तुकोबांची पालखी दर आषाढीच्या वाटेवर आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्काम करते; त्यामुळे हे वाक्य खरं तर इथल्या चर्चच्या दारावर लावायला हवं. ओवी, अभंग, कीर्तन ही टिळकांची हत्यारं. विलायती चालींवर बेतलेल्या गाण्यांनी मराठी माणसाचा जीव भिजत नाही, हे त्यांनी मिशनच्या पगारावर असतानाच ओळखलं. 1917 मध्ये त्यांनी तो पगारच सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ थाटला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. मिशनच्या मंडळींना हे पचणं जडच होतं. दोनच वर्षांत टिळक गेले आणि दरबार विस्कटला. मला हा मराठी ख्रिस्ती इतिहासातला सगळ्यात धाडसी राजकीय प्रयोग वाटतो, निवडणूक न लढवता केलेला.

त्या धाडसाचे वारस आज कुठे आहेत? तरुणांच्या प्रार्थनासभांत टाळ-मृदंगाची जागा कीबोर्ड आणि गिटारने घेतली आहे, गाणीही बरीचशी हिंदी-इंग्रजी. काळ बदलतो, मान्य. पण आपलीच वाद्यं आपण अडगळीत टाकली, की लोक आपल्याला परके म्हणतात तेव्हा तक्रारीचा सूर थोडा बारीक होतो. राजकारणातही तेच. नाताळला नगरसेवकाचा शुभेच्छांचा फ्लेक्स लागतो, चर्चच्या आवारात केक कापला जातो. संबंध तिथेच आटोपतो.

अपवाद होता फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचा. 2016 साली पिंपरीत 89वं साहित्य संमेलन भरलं, तेव्हा वाद पेटला तो अध्यक्षांनी पंतप्रधानांबद्दल केलेल्या वक्तव्यावरून. चार वर्षांनी उस्मानाबादच्या 93व्या संमेलनात वाद अध्यक्ष दिब्रिटोंच्या धर्मावरून होता. निवड जाहीर होताच साहित्य महामंडळाला धमकीचे फोन गेले. वसईची हिरवाई वाचवायला रस्त्यावर उतरलेला, ‘सुबोध बायबल’ लिहून साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळवलेला हा धर्मगुरू पाठीच्या दुखण्याने बेजार होता, तरीही व्यासपीठावर हिंसेविरुद्ध बोलायचा थांबला नाही. 2024च्या जुलैमध्ये ते गेले. त्यांच्या तोडीचा सार्वजनिक आवाज मराठी चर्चमध्ये मला तरी दिसत नाही.

आणि धर्मांतराचाच विषय काढायचा तर या पट्ट्याने आधी देहूरोड आठवावं. 25 डिसेंबर 1954 रोजी, ऐन नाताळात, डॉ. आंबेडकरांनी तिथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. दीक्षा दोन वर्षांनी घेतली. धर्म बदलण्याचा निर्णय 1935 मध्येच येवल्यात जाहीर केलेला, आणि मिशनऱ्यांसह अनेक धर्मांची माणसं त्यांच्या दारी येऊन गेलेली. आमिष कोण कुणाला दाखवतं, याचं उत्तर तिथे शोधावं.

उत्तर प्रदेशच्या कायद्यात धर्म बदलण्याआधी साठ दिवस जिल्हाधिकाऱ्यांकडे सूचना द्यावी लागते. असा कायदा महाराष्ट्रात तेव्हा असता, तर 1895चे टिळक काय करते? नातलगांचा विरोध होता, म्हणून त्यांनी निर्णय घरच्यांपासून लपवला. पत्नी लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आलेला आघात खरा होता. त्यांनी तो ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात कुणाचीही भीड न ठेवता लिहिला. पुढची जवळपास पाच वर्षं त्या हिंदूच राहिल्या आणि मग स्वतःच्या बुद्धीने, स्वतःच्या वेळेला बाप्तिस्मा घेतला. कायद्याच्या बाजूने बोलणारे ज्या फसवल्या गेलेल्या बाईला वाचवू पाहतात, ती लक्ष्मीबाई नव्हे. आणि बायकोला अंधारात ठेवणाऱ्या टिळकांचं समर्थन चर्चच्या वकिलांनाही सोपं जाणार नाही.