प्रकाशन-टिपणे (मुक्तस्रोत आज्ञावलींची)

आज्ञावलीची (सॉफ्टवेअरची) नवी आवृत्ती प्रसृत करताना तीत नवे काय आहे, काय बदलले वा वगळले आणि जुन्या आवृत्तीवरून तिच्याकडे येताना कोणती दक्षता घ्यावी, हे सांगणाऱ्या लेखी निवेदनास प्रकाशन-टिपण (रिलीज नोट) म्हणतात. जिचा मूळ मजकूर सर्वांना खुला असतो व जीत मुख्यत्वे स्वयंसेवक भर घालतात, अशा मुक्तस्रोत आज्ञावलीच्या बाबतीत हे काम विशेष अवघड असते. बदल करणाऱ्यास आपल्या बदलाचा तपशील पुरता ठाऊक असतो. त्यामुळे दुसऱ्या कोणाचे चालू काम बंद पडेल, हे मात्र त्याला सहसा दिसत नाही.

पायथन या संगणकीय भाषेच्या प्रकल्पात यासाठी दोन निराळे लेख ठेवले जातात. पहिली बदलांची नोंदवही. तीत परिपूर्णता अपेक्षित असते. दुसरा ‘नवे काय’ हा निवडक व स्पष्टीकरणात्मक लेख. २००० साली प्रसृत झालेल्या २.० या आवृत्तीसाठी तो ए. एम. कुचलिंग व मोशे झाडका यांनी लिहिला. नोंदवही पूर्वी एकाच फाइलीत असे. प्रत्येक जण तीत जवळजवळ एकाच जागी ओळी घालीत असल्याने एक बदल स्वीकारला गेला की, प्रतीक्षेत असलेल्या इतर बदलांशी त्याचा संघर्ष होई व तो हाताने सोडवावा लागे. सवडीने काम करणाऱ्यास नाउमेद करण्यास एवढे पुरे होते. २०१७ मध्ये प्रकल्प गिटहब येथे हलविण्यात आला, त्याच वर्षी लॅरी हेस्टिंग्ज यांचे ‘ब्लर्ब’ हे साधन वापरात आले. तेव्हापासून प्रत्येक नोंद स्वतंत्र छोट्या फाइलीत लिहितात व प्रकाशनाच्या वेळी सर्व नोंदी एकत्र करतात. बदलासोबत नोंद आहे की नाही, हे यंत्रच तपासते.

निवड मात्र यंत्रावर सोपविता येत नाही. ‘नवे काय’ या लेखात कोणीही भर घालावी, पण शब्दरचनेवर फार वेळ घालवू नये, कारण मजकुराचे कमीअधिक पुनर्लेखन होईलच, अशी सूचना त्या फाइलीतच असे. सूचना किरकोळ वाटते. पण इंग्रजी लिहिताना बिचकणाऱ्या स्वयंसेवकाचा संकोच तिने कमी होऊ शकतो.

टिपणाची खरी कसोटी जुन्याशी विसंगत बदलांच्या वेळी लागते. ‘असिंक’ व ‘अवेट’ हे दोन शब्द ३.७ या आवृत्तीत राखीव होतील, तेव्हा ते नावे म्हणून वापरू नयेत, असा इशारा ३.५ च्या टिपणात २०१५ मध्येच दिलेला होता. ३.६ पासून भाषाही तशी सूचना देई, परंतु ती सामान्यतः पडद्यावर दिसत नसे. परिणामी २०१८ मध्ये ३.७ प्रसृत झाल्यावर यांपैकी ‘असिंक’ हे नाव वापरणाऱ्या काही आज्ञावली बंद पडल्या. त्या आवृत्तीच्या टिपणात हा बदल अगदी आरंभीच्या सारांशात, नव्या सोयींच्या शेजारीच नोंदविलेला आहे.