कोकणचा वारा आणि दोराची वीज

देशातले पहिले पवनऊर्जा प्रकल्प १९८६ साली उभे राहिले, त्यांत रत्नागिरीचा किनारा होता. तिथल्या पवनचक्क्या ५५ किलोवॅटच्या. पण आषाढातला मोसमी वारा सर्वांत जोरात वाहतो तो साधारण दीड किलोमीटर उंचीवर. वीज बनवणारा पतंगही तेवढा वर जात नाही, तरी दोनशे-चारशे मीटर गाठतो, आणि वेग सव्वापट झाला की वाऱ्यातली शक्ती जवळपास दुप्पट होते. आठाच्या आकड्यात घिरट्या घालणारा पतंग दोर ओढतो, जमिनीवरच्या रिळाला जोडलेले जनित्र फिरते. मग पतंगाला सैल करून थोड्या विजेत दोर परत गुंडाळायचा. आडव्या वाऱ्यात उडणाऱ्या पतंगाचे हे गणित माइल्स लॉइड यांनी १९८० मध्येच मांडले.

गूगलच्या छत्राखाली वाढलेली मकानी ही पतंगऊर्जेची कंपनी २०२० मध्ये गुंडाळली गेली, मग हा नाद कशाला? आक्षेप रास्त आहे. मात्र मकानीची जनित्रे उडत्या पंखावरच होती, म्हणजे पडला की सगळेच गेले. कापडी पतंगाचे तसे नाही. विजांचा कडकडाट आणि ‘निसर्ग’सारखी चक्रीवादळे हा अधिक खरा अडसर, तेव्हा पतंग उतरवावाच लागेल. तरीही सौर पॅनल मंदावतात त्याच महिन्यांत हा वारा भरात असतो. रत्नागिरीत आधी एक पूर्ण पावसाळा उंचावरचा वारा मोजावा, पतंगाचा खर्च नंतर.