टोफूतलं पाणी

मटार-पनीरच्या रश्श्यात पनीरऐवजी टोफूचे तुकडे सोडले, पाच मिनिटं उकळले, वरून कोथिंबीर भुरभुरली. जेवणं झाली तेव्हा रस्सा संपला होता आणि तुकडे ताटांच्या कडेला लोटलेले होते. बऱ्याच मराठी घरांत टोफूची पहिली ओळख अशीच होते. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून, मुलीने जिम लावली म्हणून किंवा कुणाला दूध पचत नाही म्हणून हा पांढरा ठोकळा घरात येतो, एकदा रश्श्यात बुडतो आणि पुन्हा कुणी त्याचं नाव काढत नाही. टोफूवर हा अन्याय आहे. पनीरची रीत त्याला लावली की तो फसणारच, कारण दोन्ही पदार्थ दिसायला सारखे असले तरी त्यांची घडण अगदी वेगळी आहे.

शंभर ग्रॅम पनीरमध्ये साधारण वीस ग्रॅम किंवा त्याहून जास्त स्निग्धांश असतो. दुधाची गोडी आणि साय आधीच आत असल्यामुळे नुसतं मीठ लावलेलं पनीरही खावंसं वाटतं. तेवढ्याच घट्ट टोफूत स्निग्धांश फार तर आठ-नऊ ग्रॅम आणि बाकी बहुतेक पाणी. घट्ट टोफूत ते सत्तर टक्क्यांच्या पुढे असतं, मऊ रेशमी टोफूत तर नव्वदच्या घरात जातं. सोयाबीनच्या प्रथिनांनी जाळं विणून पाणी धरून ठेवलं की टोफू होतो. आधीच पाण्याने भरलेल्या तुकड्यात मसाला शिरायला जागा कुठून मिळणार? म्हणून टोफू रांधताना पहिला विचार मसाल्याचा करू नये, पाण्याचा करावा. ते काढायचं, गोठवायचं, तळून उडवायचं की तसंच राखायचं, हे ठरलं की पुढचा पदार्थ आपोआप ठरतो.

सगळ्यांना ठाऊक असलेला उपाय दाबण्याचा. फडक्यात गुंडाळून वर पाण्याने भरलेलं पातेलं ठेवलं की वीस मिनिटांत बरंच पाणी निथळतं. पण त्याहून सरस एक युक्ती चिनी स्वयंपाकात रुळलेली आहे आणि ती ऐकताना उलटी वाटते. पाणी काढायचं तर टोफू गरम पाण्यातच घालायचा! आमटीइतकं खारट पाणी उकळायचं, गॅस बंद करून त्यात टोफूचे तुकडे सोडायचे आणि पंधरा मिनिटं झाकून ठेवायचं. मीठ आणि उष्णता मिळून तुकड्याच्या वरच्या थरातलं पाणी बाहेर ओढतात, थोडं मीठ आत जातं, पाकिटातला कच्चट वास कमी होतो. तुकडे चाळणीत उपसले की ते इतके गरम असतात की पृष्ठभागावरचा ओलावा वाफ होऊन निघून जातो. बोट लावून पाहिलं तर तुकडा कोरडा लागतो, किंचित ताठ झालेला असतो आणि तेलात टाकल्यावर तडतडत नाही. हे एवढं केलं तरी निम्मी तक्रार मिटते.

दुसरी रीत थंडीची. टोफू पाकिटासकट रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवला की आतल्या पाण्याचे स्फटिक वाढतात आणि प्रथिनांच्या जाळ्यात मोठी छिद्रं पाडतात. गोठलेला ठोकळा पिवळसर दिसतो म्हणून घाबरू नये, वितळल्यावर तो पुन्हा पांढरा होतो. तळहातांमध्ये धरून पिळला की भांडंभर पाणी निघतं आणि हातात राहतो स्पंजासारखा जाळीदार तुकडा, जो समोर येईल तो रस शोषून घेतो. जपानमध्ये गोठवून वाळवलेल्या टोफूला कोया-दोफू म्हणतात. कुकाई या बौद्ध आचार्यांनी 816 साली ज्या कोया पर्वतावर मठ वसवला, त्या पर्वतावरून हे नाव आलं. तिथल्या भिक्षूंच्या मांसाशिवायच्या जेवणात टोफूला मोठं स्थान आहे. आपल्याकडच्या झणझणीत रश्श्यांसाठी हाच टोफू घ्यावा. कोल्हापुरी तांबड्या रश्श्याच्या वाटणात किंवा वऱ्हाडी काळ्या रश्श्यात पिळलेले तुकडे दहा मिनिटं शिजू दिले की प्रत्येक घासाला रस्सा तोंडात उतरतो. सुरुवातीच्या त्या मटार-रश्श्यालाही हेच हवं होतं.

टोफू मुरवताना एक चूक सर्रास होते, ती म्हणजे मुरवणात तेल घालण्याची. पाण्याने ओल्या तुकड्यावर तेलाचा पापुद्रा बसतो आणि मीठ-आंबट बाहेरच अडतं. मुरवण पातळ, खारट आणि आंबट असावं, तेल पुढे तव्यावर येतंच. रात्रभर मुरवूनही फारसा फायदा नाही, कारण चव मुख्यतः वरच्या थरातच राहते. मग पृष्ठभागच वाढवावा: चौकोनी जाड ठोकळ्यांपेक्षा पातळ काप किंवा हाताने तोडलेले ओबडधोबड तुकडे जास्त चव धरतात.

याचं उत्तम उदाहरण म्हणजे मालवणी पद्धतीचा टोफू रवा फ्राय. बोटाच्या जाडीचे काप मिठाच्या गरम पाण्यातून काढून निथळवायचे. आलं, लसूण, हिरवी मिरची आणि कोथिंबिरीचं वाटण, चमचाभर कोकमाचं आगळ, हळद आणि मालवणी मसाला एकत्र करून कापांना चोळायचा. पंधरा मिनिटांनी बारीक रवा आणि तांदळाच्या पिठात घोळवून लोखंडी तव्यावर, तेलाचा हात न आखडता, मंद-मध्यम आचेवर भाजायचे. एक बाजू नीट सोनेरी झाल्याशिवाय उलथनं लावू नये, नाहीतर रव्याचं कवच तव्यालाच चिकटून राहतं. सुरमईचा समुद्री वास यात येणार नाही, तशी अपेक्षाही ठेवू नये. पण बाहेर रव्याची कुरकुर, आत मऊ लुसलुशीत गर आणि मध्ये कोकमाचा आंबटपणा हे सगळं जमून येतं, आणि श्रावणात मासे बंद असणाऱ्या घरांत हे काप सोलकढी-भातासोबत अगदी हातोहात संपतात.

भुर्जीची गोष्ट आणखी सोपी. टोफू हाताने चुरून कोरड्या कढईत वाफ थांबेपर्यंत परतायचा. हीच पायरी लोक गाळतात आणि भुर्जी पचपचीत होते. मग बाजूला काढून नेहमीसारखी कांदा-टोमॅटो-मिरचीची फोडणी करायची आणि चुरा त्यात घालायचा. गॅस बंद केल्यावर वरून चिमूटभर काळं मीठ. त्यातल्या गंधकाच्या संयुगांमुळे अंड्याचा वास येतो, आणि तो वास आचेवर उडून जातो, म्हणून हे मीठ शेवटीच घालायचं. अंडी न खाणाऱ्या पण पावासोबत भुर्जीची हौस असणाऱ्यांसाठी यापेक्षा चांगला मार्ग नाही.

टोफू कसा खावा हे शिकायचं तर मात्र चीनच्या सिचुआन प्रांतात डोकवावंच लागतं. टोफूचा शोध हान राजवंशातल्या लिउ आन या राजपुत्राने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात लावला अशी चिनी आख्यायिका आहे, लेखी उल्लेख मात्र दहाव्या शतकापासून मिळतो. इतक्या शतकांच्या अनुभवातून जे असंख्य पदार्थ झाले, त्यांत छंगदू शहरातला मापो टोफू जगभर गेला. 1862च्या सुमारास त्या शहरातल्या एका पुलाजवळ खाणावळ चालवणाऱ्या चेन आडनावाच्या बाईने तो रांधला आणि तेलाची ओझी वाहणारे हमाल तो खायला येत, असं सांगतात.

या पदार्थात टोफूची प्रत्येक उणीव ओळखून तिच्यावर उपाय केलेला आहे. टोफूत स्निग्धांश कमी, म्हणून तेल सढळ. टोफू सौम्य, म्हणून मिरच्या आणि बाकल्याचे दाणे एकत्र आंबवून मुरवलेली दोबानजियांग नावाची चटणी तेलात लालभडक होईपर्यंत परततात. टोफूच्या गुळगुळीत अंगावरून रस्सा ओघळून जातो, म्हणून कॉर्नफ्लोअर कालवलेलं पाणी दोन-तीन वेळा थोडं थोडं घालून रस्सा तुकड्याला चिकटेल इतका दाट करतात. मूळ पदार्थात गोमांसाचा खिमा असतो, त्याऐवजी बारीक चिरलेल्या मश्रूमवरही तो छान होतो. टोफू मऊच घ्यायचा, मिठाच्या पाण्यातून काढायचा आणि रश्श्यात सोडल्यावर ढवळायचा नाही. उलथन्याच्या पाठीने हलकेच पुढे सरकवायचा. दोबानजियांग मिळत नसेल तर लाल मिरचीचा ठेचा आणि सोया सॉस यांवर काम भागतं. चव तीच येत नाही, पण जेवण झकास होतं.

शेवटी त्यावर भाजून कुटलेल्या सिचुआन मिऱ्यांची पूड पडते आणि जीभ किंचित बधिर होऊन झिणझिणते. इथे कोकणी आणि गोव्याच्या वाचकांनी कान टवकारावेत, कारण ही मिरी आपल्या तिरफळाची सख्खी नातलग आहे. वनस्पतिशास्त्रात दोन्ही झँथॉक्सिलम या एकाच प्रजातीत मोडतात. दोन्हींमधलं काळं बी टाकून वरचं साल वापरायचं असतं, दोन्हींना संत्र्याच्या सालीसारखा वास येतो. म्हणजे बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं टाकणाऱ्या घराला मापो टोफूची शेवटची चिमूट मुळीच परकी नाही. सिचुआन मिरी नसेल तर तिरफळाची भाजून केलेली पूड बेताने घालावी, तिचा वास जास्त उग्र असतो.

नातं उलट्या बाजूनेही जुळतं. ओलं खोबरं, भिजवलेल्या सुक्या मिरच्या, धणे आणि हळद यांचं गंधासारखं बारीक वाटण, त्यात कोकमाची सोलं आणि ठेचलेली चार-पाच तिरफळं घालून कढण एकदा उकळायचं. मग मिठाच्या पाण्यातून काढलेला टोफू सोडून मंद आचेवर सात-आठ मिनिटं ठेवायचं आणि वरून चमचाभर कच्चं खोबरेल घालायचं. खोबऱ्याचा स्निग्धपणा टोफूला नेमका हवा असतो, म्हणूनच टोमॅटोच्या पाणचट रश्श्यापेक्षा तो नारळाच्या कढणात कितीतरी खुलतो.

पाणी काढायचंच नाही, उलट जपायचं, असा टोफूही असतो. रेशमी टोफूला दाबत नाहीत, गाळून वेगळंही करत नाहीत. दूध ज्या भांड्यात गोठतं त्यातच तो तयार होतो. जपानी लोक उन्हाळ्यात तो गार करून, वर किसलेलं आलं, कांद्याची पात आणि सोया सॉस घालून तसाच खातात. याच जपानमध्ये 1782 साली ओसाकात फक्त टोफूच्या शंभर पाककृतींचं ‘तोफू ह्याकुचिन’ नावाचं पुस्तक निघालं होतं, यावरून त्या समाजाने या पदार्थाचा किती मनापासून विचार केला ते कळावं. आपल्या घरी गार रेशमी टोफूवर मोहरी, हिंग, कढीपत्ता आणि सुक्या मिरचीची कडकडीत फोडणी ओतावी. दोन मिनिटांत होणारा, मे महिन्याच्या दुपारी गार भातासोबत खाण्यासारखा याहून चांगला प्रकार शोधून सापडणार नाही.

वाईट एवढ्याचंच वाटतं की सोयाबीन मराठवाड्यात आणि विदर्भात शिवारभर पिकतं, पण तिथल्या ताटात क्वचितच येतं. मध्य प्रदेशाबरोबर महाराष्ट्र हा देशातला सोयाबीनचा मोठा उत्पादक आहे. लातूरच्या बाजारात पोत्यांच्या थप्प्या लागतात आणि माल तेलाच्या गिरण्यांकडे जातो, पेंड कोंबड्यांच्या खाद्यात. 1935 साली वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींनी जेवणात सोयाबीनचे प्रयोग केले होते आणि ‘हरिजन’मधून त्याबद्दल लिहिलंही होतं. स्वस्त प्रथिनांचा तो प्रश्न आजही तसाच उभा आहे, आणि ज्यांच्या घरात सोयाबीनची पोती आहेत त्यांनी तरी टोफू पाकिटातून विकत आणायचं कारण नाही.

घरी करायचा तर पाव किलो सोयाबीन आठ तास भिजवावं, पाणी बदलून चोळून सालं काढावीत आणि उकळत्या पाण्यासोबत वाटावं. पाणी उकळतंच हवं. सोयाबीनमधलं लायपॉक्सिजनेज हे विकर गार पाण्यात वाटताना जागं होतं आणि तो कच्चा शेंगाळ वास तयार करतं, उष्णतेने ते निकामी होतं. एकूण दोन लिटर पाणी घालून मलमलच्या कापडातून दूध गाळून घ्यावं आणि उकळी आल्यावर किमान दहा मिनिटं ढवळत शिजवावं. फेस भराभर वर येतो, म्हणून पातेलं मोठं घ्यावं. हे शिजवणं टाळता येत नाही, कारण कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचं पचन अडवणारे घटक असतात.

पाच-सहा मिनिटं निवू देऊन लिंबाचा रस किंवा व्हिनेगर पाण्यात मिसळून हलक्या हाताने, तीन वेळा विभागून घालावं. वर पिवळसर स्वच्छ पाणी सुटलं की झालं. लिंबाचा टोफू थोडा भुसभुशीत आणि आंबटसर होतो, भुर्जीला तो उत्तम. काप पडतील असा गुळगुळीत टोफू हवा असेल तर खाण्यायोग्य दर्जाचं कॅल्शियम सल्फेट वापरावं लागतं. त्याने कॅल्शियमही वाढतं. बांधकामाच्या दुकानातलं प्लॅस्टर ऑफ पॅरिस मात्र चुकूनही वापरू नये. कापडात बांधून अर्धा तास वजनाखाली ठेवला की वडी तयार होते. ती पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवावी आणि रोज पाणी बदलत तीन-चार दिवसांत संपवावी.

कापडात मागे उरलेला चोथा तर टाकूच नये. ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, बारीक चिरलेला कांदा, तिखट, ओवा, तीळ आणि कोथिंबीर घालून तो मळावा, लागलंच तर टोफूचं सुटलेलं पाणी शिंपडावं आणि तव्यावर झाकण ठेवून थालीपिठं लावावीत. चोथा कच्चा असल्याने ती नेहमीपेक्षा थोडी जास्त वेळ, दोन्ही बाजूंनी खरपूस भाजावी लागतात. ओला चोथा लवकर आंबतो, त्यामुळे त्याच दिवशी वापरावा. उरलाच तर कढईत कोरडा होईपर्यंत भाजून बरणीत भरावा आणि पुढे भाजीच्या रश्श्याला दाटपणा आणायला घ्यावा.