कॅटनचे बेट

मुलांनो, सोंगट्यांचे खेळ तुम्ही खेळला असाल. आता कॅटन या खेळाची ओळख करून घ्या. जर्मनीतील क्लाउस टॉयबर यांनी तो तयार केला. ते कृत्रिम दात बनवण्याचे काम करीत. हा खेळ १९९५ साली बाजारात आला.

पटावर १९ षटकोनी तुकड्यांचे बेट असते. लाकूड, विटा, लोकर, धान्य आणि खनिज ही तेथील संपत्ती. तुकड्यांवर अंक असतात. दोन फाशांची बेरीज ज्या अंकाशी जुळेल, त्याच्या शेजारी वस्ती असणाऱ्याला तेथील माल मिळतो. बेरीज ८ पाच प्रकारे येते, १२ मात्र एकाच प्रकारे. म्हणून वस्तीची जागा हिशेबाने निवडावी लागते.

रस्त्याला लाकूड आणि वीट लागते. वस्तीला त्यांच्याबरोबर लोकर आणि धान्यही हवे. हे सारे एकाजवळ क्वचितच असते. पेढी एक वस्तू देते, पण एकाच प्रकारच्या चार घेते. शेजारी एकाला एकही देतो. मात्र त्याची गरज ओळखून गोडीने बोलावे लागते.

आधी १० गुण मिळवणारा जिंकतो. समजा, शेजाऱ्याचे ९ गुण झाले आहेत आणि तो तुमच्याकडे वीट मागतो. तुम्ही द्याल का?