उपग्रहाला शेताखालचं सोनं दिसतं का?

मागच्या भागानंतर देवासहून एका दर्शकांचा फोन आला. मराठी घर, तीन पिढ्या माळव्यात. कुणी एकाने त्यांना रंगीत नकाशा दाखवला होता. "उपग्रहातून तुमच्या शेताखाली सोनं दिसतंय, नेमकी जागा काढून देतो." पाच हजार आगाऊ देऊन झाले होते. "कर्नलसाहेब, उरलेले भरू का?"

भरू नका, हे फोनवरच सांगितलं. का, ते आज सांगतो.

उपग्रह जमिनीची फक्त कातडी पाहतो. खडकावरून परतलेल्या सूर्यप्रकाशात कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश कमी झाला, ते तो मोजतो. चिकणमातीची खनिजं २.२ मायक्रोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषतात. १९९९ साली सोडलेल्या टेरा उपग्रहावर ॲस्टर नावाचं जपानी उपकरण आहे, त्याच्या चित्रांत भूवैज्ञानिकांनी अशा खुणा शोधल्या. खोलातलं गरम पाणी जिथून वर येतं तिथला खडक बदलून चिकणमातीची खनिजं तयार होतात, आणि त्याच पाण्याबरोबर कधीकधी तांबं किंवा सोनंही आलेलं असतं. म्हणजे दिसतं ते सोनं नव्हे, सोन्याच्या शेजाऱ्याचं घर. तेही खडक उघडा असला तर. राजस्थानच्या बोडक्या डोंगरात हे जमतं. देवासला बेसॉल्टचे थर, त्यावर काळी माती, त्यावर सोयाबीन. उपग्रहाला सोयाबीन दिसणार!

खालचं कळायला भूभौतिक सर्वेक्षण लागतं. इथे माझा जुना धंदा कामी येतो. मी सॅपर, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर्समधला. सुरुंग शोधायच्या डिटेक्टरची कॉइल जमिनीत बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडते. खाली धातू असेल तर त्यात विजेचे भोवरे उठतात, त्यांचं क्षेत्र कॉइलला जाणवतं आणि कानात शिटी वाजते. विमान किंवा हेलिकॉप्टरमधून खनिज शोधताना हेच तत्त्व वापरतात, फक्त कॉइल फार मोठी असते.

पण शिटी वाजली म्हणजे सुरुंग सापडला, असं म्हणणाऱ्या नवशिक्याला आमचे उस्ताद सोडत नसत. बहुतेक वेळा खाली गंजका डबा निघतो. उलट, प्लास्टिकच्या सुरुंगाची शिटी जेमतेम ऐकू येते. खनिजांचंही असंच आहे. ग्रॅफाइट वीज चांगली वाहतो, म्हणून जोरात वाजतो. जस्ताचं मुख्य खनिज स्फॅलेराइट जवळजवळ वाजतच नाही. राजस्थानात रामपुरा-आगुचाला तर जस्ताच्या खनिजाभोवतीच्या खडकात ग्रॅफाइट आहे. तिथे शिटी नेमकी कुणाची, ते नुसतं ऐकून कसं ठरवणार?

म्हणून एका यंत्रावर कुणी विसंबत नाही. नकाशावाचनाच्या तासाला आम्हाला रायफल कंपासपासून लांब ठेवायला सांगत, कारण लोखंडाने काटा हलतो. मॅग्नेटाइटच्या साठ्यानेही हलतो. मॅग्नेटोमीटर तेच बारकाईने मोजतो. ग्रॅव्हिमीटर गुरुत्वाकर्षणातला फरक मोजतो, साधारण दहा लाखांत एका भागाइतका किंवा त्याहूनही कमी. जड खडकावर आकडा थोडा वाढतो. दोन-तीन यंत्रं एकाच जागेकडे बोट दाखवू लागली की मग ड्रिल. डिटेक्टर वाजल्यावर आम्ही जमिनीवर पालथे पडून सळईने हळूहळू टोचत असू, तसंच हे. खडकाचा नमुना प्रयोगशाळेत जाईपर्यंत सगळा अंदाजच.

फेब्रुवारी २०२३ आठवतो? जम्मूतल्या रियासी जिल्ह्यात ५९ लाख टन लिथियम, अशा बातम्या आल्या. तो अंदाज लिथियम असलेल्या खडकाचा होता, शुद्ध धातूचा नव्हे. शिवाय तो जी-३ टप्प्यातला. शोध जी-४ पासून सुरू होतो आणि जी-१ ला सविस्तर होतो. खाणीचा विचार त्यानंतर. लिलावाला पुरेसे पात्र बोलीदार मिळाले नाहीत, २०२४ मध्ये तो रद्द झाला. शास्त्रज्ञांनी खोटं सांगितलं नव्हतं. 'अनुमानित' हा शब्द आपण वाचला नाही.

देवासच्या त्या गृहस्थांना मी दोन गोष्टी सांगितल्या. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या 'भूकोश' या संकेतस्थळावर आपल्या भागाचा भूवैज्ञानिक नकाशा पाहा. आणि तो माणूस आला की विचारा: कोणत्या यंत्राने मोजलं, किती मीटरवर एक नोंद घेतली, ड्रिल कुठे मारलं?

त्यांनी विचारलं. तो माणूस पुन्हा आला नाही. पाच हजारही नाहीत.